दुनह्वांगच्या फाडलेल्या गुंडाळ्या

बौद्ध ग्रंथांचा नाश म्हटला की आपल्याला नालंदा आठवते. चीनमधील दुनह्वांग येथे झालेली हानी निराळ्या प्रकारची आहे. तिच्याकडे आम्ही वाचकांचे, विशेषतः विद्यार्थ्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

१९०० साली तेथील मोगाओ लेण्यांत वांग युआनलू या ताओपंथी पुजाऱ्याला भिंतीआड बुजविलेली एक खोली सापडली. अकराव्या शतकाच्या आरंभी बंद झालेल्या त्या खोलीत हजारो हस्तलिखिते होती. त्यांत बौद्ध सूत्रेच अधिक. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांनी थोड्याशा चांदीच्या मोबदल्यात त्यांतील पुष्कळशी नेली, तर १९०८ मध्ये पॉल पेलिओ यांनी निवडक नेली. याविषयी बरेच लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे.

पुढची हकीकत मात्र कमी सांगितली जाते. १९१० मध्ये उरलेला संग्रह पेकिंगला आणण्यात आला. तो सरकारजमा होण्यापूर्वीच काही अधिकाऱ्यांनी चांगल्या गुंडाळ्या काढून घेतल्या आणि संख्या भरून काढण्यासाठी लांब गुंडाळ्यांचे तुकडे केले, असे चिनी अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे कागदोपत्री हिशेब चोख! १९३१ मध्ये छन युआन यांनी या संग्रहाची सूची प्रसिद्ध केली, तिच्या नावाचाच अर्थ ‘दुनह्वांगच्या लुटीतून उरलेल्यांची नोंद’ असा आहे.

तुकडा केल्याने काय जाते? कागद एकापुढे एक चिकटवून केलेली ही गुंडाळी कित्येकदा अनेक मीटर लांब असते. तिच्या शेवटी पुष्पिका असते. ग्रंथ कोणी, केव्हा, कोणाच्या पुण्यासाठी लिहविला, ते तिच्यात कळते. याच खोलीतील ८६८ सालची छापील वज्रच्छेदिका वांग जिए याने आईवडिलांसाठी विनामूल्य वाटण्याकरिता करविली, हे आपल्याला अशा शेवटच्या ओळीमुळेच ठाऊक आहे. मधल्या तुकड्यावरून सूत्र ओळखता येते, पण ते लिहविणारी माणसे हरवतात. शिवाय तारीख असली की किंमत वाढते, म्हणून बाजारात खोट्या पुष्पिकाही जोडल्या गेल्या.

परक्यांनी नेलेले निदान क्रमांक लावून जपले गेले. घरच्यांनी केलेली ही फाडाफाड आम्हाला अधिक बोचते. कारकुनी हिशेबात ग्रंथ हा केवळ एक नग होता.

१९९४ पासून ब्रिटिश लायब्ररीच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील या हस्तलिखितांची छायाचित्रे एकत्र केली जात आहेत. फाटलेली कड, हस्ताक्षर आणि मजकूर पाहून तुकडे जुळविले जातात. सूत्राच्या ओळीत बहुधा सतरा अक्षरे असतात. त्यामुळे दोन तुकड्यांमधील किती ओळी गहाळ आहेत, हे मोजून सांगता येते.