लॅक्स्टनचे शिवार आणि त्याचे पंच

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून इंग्लंडातील अनेक खेड्यांची सामायिक शिवारे फोडली आणि त्यांच्या जागी कुंपणबंद खाजगी शेते उभी राहिली. परंतु नॉटिंगहॅमशर परगण्यातील लॅक्स्टन या मौज्यात मोठ्या जमीनमालकांचे आपसांत जमले नाही, वाटणी अर्धवट राहिली, आणि मालकांच्या या बेबनावानेच मध्ययुगीन शेतीची एक वहिवाट आजतागायत जिवंत ठेवली.

गावाची रचनाच या वहिवाटीची साक्ष देते. कुंपणबंद मुलखात शेतकऱ्याचे घर त्याच्या जमिनीच्या मधोमध उभे असते; येथे जमिनी चहूकडे विखुरलेल्या, म्हणून घरे गावठाणातच, एका रस्त्याला लगटून, अरुंद बाजू तेवढी रस्त्याकडे करून वसलेली, आणि प्रत्येकामागे कोठार, गोठा व लांबोळके परसू. गावाच्या उत्तरेस नॉर्मन अमदानीतील गढीची मातीची टेकडी अद्याप उभी आहे. शेरवुडच्या राजअरण्याचे वंशपरंपरागत रक्षक असलेले एव्हरिंगहॅम सरदार या गावचे धनी होते. त्यांच्या घराण्यातील स्त्रीपुरुषांच्या प्रतिमा सेंट मायकेलच्या चर्चमध्ये पहुडलेल्या असून, त्यांतील एका स्त्रीची प्रतिमा पाषाणाची नसून ओकच्या लाकडात कोरलेली आहे.

पुढे ही जहागीर लंडनचा धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टीन याने विकत घेतली आणि 1635 साली मार्क पिअर्स नामक मोजणीदाराकडून गावची तपशीलवार मोजणी करवून घेतली. त्या वेळी काढलेल्या, आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात असलेल्या नकाशात पट्ट्यापट्ट्याची हद्द तर आहेच. शिवाय नांगर धरणारे, कापणी करणारे इवलेसे कुळवाडीही चितारलेले आहेत. आपल्या वाचकांना विशेष वाटावे ते हे की, त्याच साली कोर्टीन ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला शह देण्यासाठी पहिल्या चार्ल्स राजाकडून परवाना मिळवीत होता. कॅप्टन वेडेलच्या हाताखाली निघालेले त्याचे आरमार 1636 मध्ये गोव्यास पोहोचले, आणि पुढे त्याच्या मंडळीने भटकळ व कारवार येथे वखारी घातल्या. मात्र तोवर खुद्द कोर्टीन निवर्तला होता.

त्या नकाशातील तीन मोठी शिवारे, वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड, अजून नांगरली जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्ट्यांची संख्या घटवून ते रुंद केले गेले. पाळीपाळीने एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरावयाचे पीक, आणि तिसरे पडीत, असा क्रम चालतो. ज्या गवताळ पट्ट्यांना तेथील लोक ‘साइक’ म्हणतात, त्यांवरील गवताचा दरवर्षी लिलाव होतो.

या साऱ्यावर हुकमत चालते ती ‘कोर्ट लीट’ या ग्रामसभेची. नोव्हेंबरच्या अखेरीस तिचे पंच, म्हणजे गावचेच शेतकरी, नव्याने पेरलेल्या गव्हाच्या शिवारात जाऊन हद्दीचे खुंट ठोकतात, आणि कोणी नांगर पुढे रेटून साइक किंवा रस्ता खाल्ला आहे काय, याची पाहणी करतात. आठवड्याभराने डव्हकोट इन या मद्यगृहात, धन्याच्या मुखत्याराच्या अध्यक्षतेखाली सभा भरून दोषी ठरलेल्यास दंड सांगितला जातो. 1977 च्या कायद्याने इतरत्र अशा सभांचे न्यायाधिकार संपुष्टात आणले, तेव्हाही लॅक्स्टनचा अपवाद राखण्यात आला.

1952 साली गावचे तत्कालीन धनी अर्ल मॅन्व्हर्स यांनी ही जमीन सरकारच्या शेतकी खात्यास विकली, 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली, आणि 2020 मध्ये अर्लच्या घराण्याची थोर्सबी इस्टेट पुन्हा तिची मालक झाली. खरेदीखते बदलत राहिली, पण पंचांची पाहणी चुकली नाही. लॅक्स्टनचे रहस्य पुराणवस्तूंच्या ममतेत शोधण्यापेक्षा या पाहणीत शोधावे: यंदा जो पंच म्हणून शेजाऱ्याच्या नांगराची रेघ तपासतो, त्याचीच रेघ पुढे दुसऱ्या पंचांच्या नजरेखालून जावयाची असते, आणि म्हणून येथला दंड रकमेने क्षुल्लक असूनही कोणाला तो क्षुल्लक वाटत नाही.