अनुदान जमिनीवर उतरतं तेव्हा

प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं असावं लागतं. सपाट प्रदेशात त्यासाठी मूळ योजनेतून मिळतात 1 लाख 20 हजार रुपये. भागाकार केला, की चौरस फुटाला साधारण 446 रुपये येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या एखाद्या गवंड्याला विचारा, एवढ्यात काय होतं. जोतं निघेल, भिंती वर येतील, स्लॅबचं पुढं बघू, असंच तो म्हणेल. योजना 2016 साली सुरू झाली तेव्हाही रक्कम हीच होती. सिमेंट आणि सळई मात्र 2016 च्या भावात थांबलेली नाही.

तरीही घरं उभी राहतात, आणि मला याचंच सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. शौचालयाचे 12 हजार वेगळे मिळतात, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी मिळते. उरलेलं घरच्यांनी उभं करायचं. जुन्या घराचे पत्रे, दारं, दगड कामी येतात, घरातली माणसं स्वतः पाणी मारतात, पाव्हण्यांकडून हातउसने येतात. हप्ते टप्प्याटप्प्यानं पडतात. जोतं झालं की जागेच्या नोंदीसह फोटो, भिंती झाल्या की पुन्हा फोटो. एवढीशी सरकारी रक्कम घरातली अडून राहिलेली सगळी बचत आणि सगळे हात एका कामाला जुंपते. घराची पूर्ण किंमत सरकार देत नाही. पण पहिला हप्ता खात्यावर पडला, की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारं घर यंदाच पाया खोदतं.

पाया खोदायचा कुठं, हा खरा प्रश्न. घरकुलाची रक्कम बांधकामासाठी असते, त्यात जागेची किंमत धरलेली नाही. टेंभुर्णी पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. इथून एक रस्ता पंढरपूरला जातो, एक कुर्डुवाडीला, एक करमाळ्याकडं. एमआयडीसी आहे. शेजारी उजनीचं पाणी, त्यामुळं ऊस. अशा गावात भूमिहीन माणसाचं नाव घरकुलाच्या यादीत आलं, तरी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्याच्या नावाची जागा नसेल तर यादी तिथंच अडते. त्यासाठी राज्य सरकारनं पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं जागा खरेदीसाठी साहाय्याची वेगळी योजना आणली. म्हणजे एका अनुदानाला टेकू द्यायला दुसरं अनुदान.

तिथं एक जुनाच कायदा आडवा येतो. 1947 चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीची चिंधी होऊ नये म्हणून केला गेला, आणि त्यामागचा हेतू चांगला होता. 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे आहे. घरकुलाला मात्र पुरतात 500 चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी, कारण गुंठा 1,089 चौरस फुटांचा. शेत वाचवणारा कायदा आणि घर देणारी योजना अशी बांधावर समोरासमोर आली. शेवटी नियमात वाट काढावी लागली. ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं 1,000 चौरस फुटांपर्यंतचा तुकडा घेता येतो. माझ्या मते ही एका ओळीची सवलत काही गाजलेल्या घोषणांपेक्षा मोलाची आहे.

आता दुसऱ्या प्रकारची मदत बघा, कर्ज काढून घर घेणाऱ्याची. शहरी योजना 25 जून 2015 ला सुरू झाली. तिच्यात अल्प उत्पन्न गटाला 6 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात साडेसहा टक्के सूट होती. ही सूट दरमहा मिळत नसे. 20 वर्षांत जेवढं व्याज वाचणार, त्याची 9 टक्क्यांनी आजची किंमत काढायची आणि ती सगळी रक्कम एकदम कर्जखात्यात भरायची. ती येते जास्तीत जास्त 2 लाख 67 हजार. भविष्यातल्या 240 हप्त्यांची सवलत आजच हातात! 6 लाखांचं कर्ज एका फटक्यात 3 लाख 33 हजारांवर येतं. 9 टक्के व्याजानं 5,400 च्या आसपासचा हप्ता 3,000 वर उतरतो. हे गणित पहिल्यांदा समजतं तेव्हा माणूस चकित होतो.

पण घर विकणाऱ्यालाही हे गणित येतं. सगळ्याच गिऱ्हाइकांच्या खिशात अडीच लाख जास्त आहेत हे कळल्यावर तो भाव तसाच ठेवेल का? इंग्लंडमध्ये 2013 साली ‘हेल्प टू बाय’ नावाची योजना आली. नव्या घराच्या किमतीचा काही हिस्सा सरकार कर्जाऊ देत असे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी दोन ठिकाणी तिचा परिणाम तपासला. बृहद् लंडनमध्ये जागा मिळणं आणि बांधकामाची परवानगी मिळणं दोन्ही कठीण. तिथं भाव वाढले, बांधकाम मात्र वाढलं नाही. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर जागा मोकळी होती. तिथं बांधकाम वाढलं, भाव जागच्या जागी राहिले. योजना एकच होती. उजनीच्या कालव्याचं आवर्तन एकच असतं, पण काळं रान ते धरून ठेवतं आणि मुरमाड रानातून ते खाली निघून जातं, तसंच हे. जागा जिथं आवळलेली, तिथं अनुदान जमीनमालकाकडं झिरपतं.

आपल्याच जिल्ह्यात याचं उलटं उदाहरण आहे. सोलापूर शहराबाहेर कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार महिलांची 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिचं लोकार्पण 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं. त्यानंतर तिथंच कामगारांची रे नगर ही वसाहत झाली. माजी आमदार नरसय्या आडम मास्तर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. 30 हजार घरं आणि प्रकल्पाचा अंदाज 1,811 कोटी, म्हणजे घरामागं सहा लाख. त्यात केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेलं कामगाराचं. जानेवारी 2019 मध्ये पायाभरणी आणि 19 जानेवारी 2024 ला पहिल्या 15 हजार घरांचा ताबा, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते.

हे जमलं, कारण घर घेणारे एकेकटे बाजारात गेले नाहीत. ते संघटित होते, आणि भाव भडकलेल्या शहरात जागा न शोधता माळावर गेले. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विडी कामगार बाई तंबाखू आणि तेंदूपत्ता घरी आणून विड्या वळते. तिचं घर हाच तिचा कारखाना. म्हणून शहरापासून लांबचं घर तिला परवडतं. यंत्रमागावर रोज हजर व्हायचं असेल, तर त्याच घराच्या खर्चात एसटीचं किंवा रिक्षाचं भाडंही धरावं लागतं.

सप्टेंबर 2024 पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. आता कर्जाच्या पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सूट, एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी. टेंभुर्णीचा नोकरदार तरुण घर घ्यायला कुर्डुवाडीला, पंढरपूरला किंवा पुण्याला जाईल, तेव्हा दरपत्रक नीट बघावं. जर सगळे फ्लॅट बरोबर 34 लाख 90 हजारांवर येऊन थांबलेले दिसले, तर त्या 1 लाख 80 हजारांतला किती वाटा आपला आणि किती बिल्डरचा, हे त्यानं सही करण्याआधी विचारावं.