टर्बोचार्जरच्या वेस्टगेटची गळती कशी ओळखावी

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त निष्कास वायूच्या अंगी पुष्कळ ऊर्जा शिल्लक असते. ती वाया न घालवता तिच्या बळावर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राकडून एंजिनात अधिक हवा दाबून भरावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. मोटारगाडीपर्यंत मात्र ही कल्पना बरीच उशिरा पोहोचली. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बोचार्जर बसवलेली मोटार विक्रीस आली. हवेचा दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून तिच्यात एक झडप ठेवलेली होती. या झडपेलाच वेस्टगेट म्हणतात.

या झडपेचे महत्त्व पुढे साब ९९ टर्बो या स्वीडिश मोटारीने विशेष स्पष्ट केले. १९७८ च्या सुमारास बाजारात आलेल्या या मोटारीत टर्बाइन मुद्दाम लहान ठेवले होते. लहान टर्बाइन थोड्याशा वायूनेही वेग घेते, त्यामुळे एंजिन मंद फिरत असतानाच जोर मिळू लागतो. परंतु एंजिनाचा वेग वाढला की तेच टर्बाइन बेसुमार फिरू लागेल. म्हणून ठरावीक दाब गाठताच झडप उघडते आणि जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर जातो. थोडक्यात, मंद गतीला झडप घट्ट मिटलेली असावी आणि जलद गतीला ती उघडावी, असा हा करार आहे. गळतीचे निदान करताना हाच करार ध्यानात ठेवावा लागतो.

अंतर्गत वेस्टगेट टर्बाइनच्या कवचातच बसवलेले असते. एका छिद्रावर टेकणारी चकती, तिला धरणारी तरफ, कवचाच्या भिंतीतून बाहेर येणारी खुंटी आणि त्या खुंटीला हलवणारी दांडी असे त्याचे भाग असतात. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक बंद डबी असते. डबीतील स्प्रिंग झडप मिटलेली ठेवते आणि नळीवाटे आलेली दाबाखालची हवा रबरी पडद्याला ढकलून ती उघडते. पेट्रोल एंजिनात निष्कास वायूचे तापमान नऊशे अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकते. अशा भट्टीत चकती वाकडी होते, तिची बैठक तडकते, खुंटीभोवतीची बुश झिजते. मग झडप मिटूनही पुरती मिटत नाही.

फट लहान असली तरी परिणाम मोठा होतो. मंद गतीला एकूण वायूच थोडा असतो, त्यातील बराचसा या फटीतून निसटतो. टर्बाइन मंदावते, हवा कमी भरली जाते, म्हणून इंधन कमी जळते आणि पुन्हा वायू कमी निर्माण होतो. असे हे दुष्टचक्र चालते. जलद गतीला मात्र झडप तशीही उघडायचीच असते, त्यामुळे दोष झाकला जातो. म्हणूनच चालकाची तक्रार बहुधा अशी असते की, गाडी चढावर किंवा ओव्हरटेक करताना सुरुवातीस ओढत नाही, पुढे मात्र ठीक चालते. झिजलेली चकती कधीकधी एंजिन रिकामे चालत असताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताच किणकिण वाजते.

तरीही एवढ्यावरून निर्णय देऊ नये. हवेची नळी फाटली, गाळणी चोंदली, अथवा टर्बाइनच्या आधीच निष्कास नळीचा सांधा सुटला, तरीही दाब कमी पडतो. फाटलेल्या नळीतून बहुधा फुसफुस ऐकू येते. सुटलेल्या सांध्याजवळ काजळीचा पट्टा दिसतो. या गोष्टी आधी तपासून बाजूला साराव्यात. दाब एका ठरावीक कमी आकड्यावर जाऊन तेथेच अडकत असेल, तर चकतीपेक्षा दाब नियंत्रित करणाऱ्या विद्युत झडपेचा संशय घ्यावा. दाब उशिरा चढतो, पण अखेरीस अपेक्षित आकड्याच्या जवळ पोहोचतो, अशी स्थिती असेल तर संशय चकतीवर जातो.

पुढची तपासणी एंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावी. हातपंप आणि दाबमापक डबीच्या नळीला जोडून हळूहळू दाब वाढवावा. निर्मात्याने दिलेल्या आकड्याच्या बरीच आधी दांडी हलू लागली, तर स्प्रिंग सैल पडली आहे किंवा दांडीचा ताण गेला आहे. दाब टिकत नसेल तर पडदा फाटला आहे. मात्र त्याने झडप उघडेनाशी होऊन दाब उलट वाढतो, हे विसरू नये. नंतर दांडी खुंटीवरून काढून तरफ हाताने मिटवून धरावी. दांडी थोडी ओढल्याशिवाय खुंटीत बसता कामा नये. सहज बसली तर ताण उरलेला नाही. काही डीझेल मोटारींत ही डबी निर्वातावर चालते. तेथे निर्वातच झडप मिटवतो, म्हणून त्याची नळी गळताच झडप उघडी राहते.

शेवटचा पुरावा डोळ्यांचा. टर्बाइनमागची निष्कास नळी उतरवून चकतीची बैठक पाहावी. नीट टेकणारी चकती बैठकीवर अखंड, एकसारखे वर्तुळ उमटवते. वर्तुळ जेथे तुटते, तेथून वायू निसटत असतो. तरफ हलवून पाहिली असता खुंटी आजूबाजूला डुलत असेल, तर बुश झिजली आहे.

येथे एका मोहापासून सावध राहणे आवश्यक आहे. दांडी आखूड करून ताण वाढवला की गाडी तात्काळ जोमदार वाटते. पण वाकडी चकती त्याने सरळ होत नाही. झडप उशिरा उघडते, दाब मर्यादेबाहेर जातो, पेट्रोल एंजिनात ठोके बसू लागतात आणि दट्ट्ये वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या आसालाही हा जादा वेग सोसत नाही. उलट, दोष केवळ दांडीच्या ताणात असताना सबंध टर्बोचार्जर बदलणे हा मालकावर लादलेला निष्कारण खर्च आहे. हे दोन्ही प्रमाद टाळण्यासाठी आधी मापन करावे, मग बैठक पाहावी आणि त्यानंतरच पान्ह्याला हात घालावा.