गर्भवती स्त्री, विषाणू आणि औषधाची कसोटी

विषाणुजन्य रोगांच्या अभ्यासात गर्भवती स्त्रीचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. कित्येक विषाणू तिलाच अधिक ग्रासतात. परंतु त्यांवरील औषधांची कसोटी पाहण्याची वेळ आली, म्हणजे बहुधा तिलाच वगळण्यात येते. हा विरोध कसा उद्भवला व तो दूर करण्याचे मार्ग कोणते, याचा विचार आपल्या देशाशी निकट संबंध असलेल्या एका रोगाच्या आधारे येथे करावयाचा आहे. तो रोग म्हणजे 'ई' विषाणूमुळे होणारी कावीळ होय.

१९५५ सालच्या अखेरीस दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात यमुनेच्या पात्रातून मैलापाणी मिसळले आणि थोड्याच आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना काविळीने गाठले. त्या साथीतील रोग्यांचा जपून ठेवलेला रक्तद्रव पुढे पुन्हा तपासण्यात आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या व १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावरून ही साथ यकृतदाहाच्या 'ए' किंवा 'बी' विषाणूची नव्हती, असे दिसून आले. रशियन शास्त्रज्ञ बालायान यांनी रोग्यांच्या मलाचा अर्क स्वतः प्राशन करून रोग ओढवून घेतला आणि आपल्याच मलात तो विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांचा हा प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला.

सामान्य प्रौढास हा आजार काही आठवडे त्रास देऊन बहुधा आपोआप बरा होतो. गर्भवतीच्या बाबतीत मात्र चित्र पालटते. १९७८-७९ साली काश्मीर खोऱ्यात आलेल्या साथीचा डॉ. खुरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने अभ्यास केला. कावीळ झालेल्या ३६ गर्भवतींपैकी ८ जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले. गर्भवती नसलेल्या काविळग्रस्त स्त्रियांत असा एकही प्रकार आढळला नाही. धोका सर्वांत अधिक असतो तो अखेरच्या तीन महिन्यांत. विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. त्यामुळे मृत अर्भक जन्मणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणे अशा आपत्तीही ओढवतात.

यावर औषध नाही काय? रिबाव्हिरिन हे औषध, अवयवरोपण झालेल्या रोग्यांत रेंगाळणाऱ्या 'ई' विषाणूवर गुणकारी ठरले आहे. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने गर्भात व्यंगे उत्पन्न केल्याचे आढळले असल्यामुळे ते गर्भवतीस देत नाहीत. म्हणजे ज्या रोग्यास औषधाची निकड सर्वाधिक, त्याच रोग्यास ते निषिद्ध. वैद्याच्या हाती उरते ती केवळ शुश्रूषा आणि यकृताचे कार्य सावरून धरण्याची खटपट.

या सावधगिरीच्या मुळाशी थॅलिडोमाइडचा इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचे निर्धोक औषध म्हणून ते विक्रीस आले. गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेण्यात आले, तोवर हातापायांची वाढ खुंटलेली हजारो बालके जन्मास आली होती. या आपत्तीनंतर अनेक देशांत औषधांचे कायदे कडक झाले. पुढे १९७७ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने, अपत्यधारणेस समर्थ असलेल्या स्त्रियांना चाचण्यांच्या प्रारंभिक टप्प्यांतून वगळण्याचा निर्देश दिला. १९९३ साली तो शिथिल झाला, तरी वगळण्याची प्रवृत्ती कायम राहिली.

येथे एक तार्किक प्रमाद घडला, असे म्हणावे लागेल. थॅलिडोमाइडने झालेली हानी गर्भवतींवर चाचणी घेतल्यामुळे झालेली नव्हती. पुरेशी चाचणी न घेताच औषध विकल्यामुळे झाली होती. गर्भवतीस चाचणीतून वगळल्याने धोका नाहीसा होत नाही. तो केवळ प्रयोगशाळेच्या देखरेखीतून निघून रुग्णालयाच्या खाटेपाशी येतो. तेथे तो मोजलाही जात नाही.

मग सुरक्षितता कशी पारखावयाची? पहिली पायरी प्राण्यांची. तिच्या मर्यादा थॅलिडोमाइडनेच दाखविल्या: उंदीर त्याला बहुतांशी दाद देत नाहीत, सशांत मात्र व्यंगे उत्पन्न होतात. म्हणून एकाहून अधिक जातींच्या प्राण्यांवर प्रयोग आवश्यक ठरतात. दुसरी पायरी मात्रेची. गर्भारपणी रक्ताचे आकारमान शेकडा ४० ते ५० नी वाढते व मूत्रपिंडांचे गाळण्याचे कार्यही वेग घेते. त्यामुळे नेहमीची मात्रा कित्येकदा अपुरी पडते. अपुऱ्या मात्रेने रोग तर हटत नाहीच, पण औषधाचा स्पर्श मात्र गर्भास होतो. तिसरी पायरी म्हणजे नियंत्रित चाचणी. एड्सच्या विषाणूवरील झिडोव्ह्यूडिन हे औषध गर्भवती व नवजात बालक यांना दिले असता, मातेकडून बालकास होणारा संसर्ग शेकडा २५.५ वरून ८.३ वर आल्याचे १९९४ साली सिद्ध झाले. गर्भवतींना वगळले असते, तर हे ज्ञान हाती आलेच नसते.

चौथी पायरी दीर्घकालीन नोंदींची होय. तिचे महत्त्व गणिताने स्पष्ट होते. औषध घेतलेल्या मातांच्या ३०० बालकांत एकही दोष आढळला नाही, तरी दोषाचे खरे प्रमाण शेकडा १ पर्यंत असू शकते. उलट, अल्प संख्येवरून भयही निर्माण होऊ शकते. २०१८ साली बोट्स्वानात, गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेत असलेल्या मातांच्या ४२६ प्रसूतींत मज्जारज्जूच्या नलिकेचे ४ दोष आढळले, म्हणजे शेकडा ०.९४. अनेक देशांनी स्त्रियांना ते औषध देण्यावर निर्बंध घातले. नोंदी चालू राहिल्या. २०१९ साली १,६८३ प्रसूतींत ५ दोष, म्हणजे शेकडा ०.३० असे प्रमाण दिसले व पुढे ते आणखी उतरत सर्वसामान्य प्रमाणाच्या जवळ आले. नोंदी थांबल्या असत्या, तर एक उत्तम औषध संशयावरूनच बाद झाले असते.

'ई' काविळीच्या लसीचा प्रश्न आज याच वळणावर आहे. चीनने २०११ साली एक लस मान्य केली. २०२२ साली दक्षिण सुदानमधील बेंतिऊ येथील देशांतर्गत विस्थापितांच्या छावणीत ती गर्भवतींनाही देण्यात आली आणि पाठपुराव्यात गर्भहानी वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बांगलादेशातील चाचणीच्या विश्लेषणात मात्र, गर्भधारणेच्या आगेमागे लस घेतलेल्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण अधिक दिसले. या दोन निष्कर्षांचा मेळ घालण्यासाठी, लस गर्भारपणाच्या कोणत्या आठवड्यात दिली गेली याची नोंद असलेला अधिक मोठा अभ्यास हवा. शिवाय हिशोबाच्या एका बाजूस लसीचा धोका मांडताना, दुसऱ्या बाजूस साथीच्या वेळी लस न दिल्याने संभवणारे मृत्यूही मांडावयास हवेत.

अर्थात या रोगाचा मुख्य प्रतिबंध शुद्ध पाण्यात आहे, ही दिल्लीच्या साथीची शिकवण आजही खरी आहे. तथापि जलवाहिन्या सुधारेपर्यंत साथी येतच राहणार. त्या प्रत्येक साथीत गर्भवतींची नोंद काळजीपूर्वक व्हावी, आणि चाचणीत सहभागी व्हावयाचे की नाही हे सर्व माहिती देऊन त्यांनाच ठरवू द्यावे, ही संशोधकांची जबाबदारी आहे. काश्मीरच्या त्या आठजणींची नोंद झाली, म्हणूनच हा प्रश्न आपणांस ठाऊक झाला. त्याचे उत्तरही अशाच नोंदींतून मिळावयाचे आहे.