उन्हाळ्याची सुट्टी, विद्यार्थी आणि संशोधन

प्रतिवर्षी एप्रिल महिना उजाडला की रुग्णालयाच्या कार्यालयात एका विशिष्ट प्रकारचे अर्ज येऊ लागतात. अर्जदार बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रथम वा द्वितीय वर्षाचा विद्यार्थी असतो. कधी विज्ञान शाखेची पदवी घेत असलेली कामठीचीच एखादी मुलगी असते, सोबत वडील किंवा मामा असतात. विनंती एकच : सुट्टीत आपल्या रुग्णालयात ‘संशोधन’ करावयाचे आहे, तरी संधी द्यावी व अखेरीस प्रमाणपत्र मिळावे. दुसरीकडे, वॉर्डात बसलेले नातेवाईक आम्हांस विचारतात की हा वही घेऊन फिरणारा मुलगा कोण, आणि आमच्या आईवर काही प्रयोग तर चाललेला नाही ना? देणगीदार हितचिंतकांचाही प्रश्न रास्त असतो. पैसा दिला तो खाटेसाठी व औषधासाठी. संशोधनाचे येथे काय काम? तिघांच्याही शंकांचा एकत्रित विचार व्हावा, या हेतूने यंदाच्या अहवालात हा लेख समाविष्ट केला आहे.

ज्यांचे नातलग परदेशी आहेत अशा पालकांच्या मनात एक गोंधळ असतो, तो आधी दूर करतो. अमेरिकेत डॉक्टर होऊ इच्छिणारा विद्यार्थी सामान्यतः प्रथम चार वर्षांची पदवी घेतो व त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागतो. पदवीच्या काळात उन्हाळ्यात प्रयोगशाळेत केलेले काम त्या प्रवेशाच्या वेळी जमेस धरले जाते. आपल्याकडे बारावीनंतर ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर थेट एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळतो. पुढे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप. या प्रवेशात संशोधनाच्या प्रमाणपत्रास एकही गुण नाही. तेव्हा बारावीच्या मुलाला सुट्टीत संशोधनास पाठवावे काय, असे विचारणाऱ्या पालकांस आम्ही स्पष्टपणे नाही असे सांगतो. त्याने अभ्यास करावा. प्रश्न खरा उद्भवतो तो प्रवेश मिळाल्यानंतर, अथवा प्रवेश न मिळून विज्ञानाची पदवी घेत असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत.

मात्र प्रवेशास उपयोग नाही म्हणून ते काम निरर्थक ठरत नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांच्या मदतीस चार्ल्स बेस्ट हा बावीस वर्षांचा तरुण देण्यात आला. तो तेव्हा डॉक्टर नव्हता. नुकतीच पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. त्या सुट्टीतील कामातून इन्सुलिनचा मार्ग खुला झाला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून जे हेपारिन वापरतात, त्याचा शोध १९१६ च्या सुमारास जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून लागला. आमच्याकडे वही घेऊन येणारा प्रत्येक मुलगा बेस्ट नसतो, हे सांगणे नलगे. परंतु विद्यार्थ्याच्या दोन महिन्यांची किंमत शून्य समजू नये, एवढे यावरून निश्चित दिसते.

आणि यासाठी टोरांटोपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शुक्ला व सोळंकी यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विदर्भातील असंख्य कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या छळणाऱ्या या आजाराकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या लेखनांत त्याची गणना होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा निबंधही १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. दोन गावे, थोडी साधने आणि नीट विचारलेला प्रश्न, एवढ्या भांडवलावर हे घडले. आम्ही वाणिज्य शाखेचे. भांडवल व नफा यांचे असे प्रमाण आमच्या जमाखर्चात आम्हांस कधी आढळले नाही.

आता विद्यार्थ्याने जावे कोठे, हा व्यवहाराचा भाग. एम.बी.बी.एस. व बी.डी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत परिचित वाट म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली सुरू केलेली अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना. विद्यार्थी तिला ‘एस.टी.एस.’ म्हणतात. काम दोन महिन्यांचे असते. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकास मार्गदर्शक म्हणून विनंती करावयाची, त्यांच्या सल्ल्याने प्रस्ताव लिहावयाचा, संस्थेच्या नैतिकता समितीची संमती मिळवावयाची आणि काम संपल्यावर अहवाल पाठवावयाचा. एका वर्षी एका मार्गदर्शकाकडे एकच विद्यार्थी, असा नियम असल्याने जो आधी विचारतो त्याला मार्गदर्शक मिळतो. पूर्वी या योजनेत दोन महिन्यांचे मिळून २०,००० रुपये मिळत. अलीकडे ती रक्कम ५०,००० रुपये झाली. हे पैसे अहवाल मान्य झाल्यावरच हाती येतात, हे मात्र पालकांनी ध्यानात ठेवावे. दोन महिन्यांच्या खानावळीचा खर्च आधी घरूनच करावा लागतो. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ साली ‘स्पार्क’ या नावाने अशीच योजना आरंभिली.

वरील नियमांवरून एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. परिषदेच्या योजनेतील काम आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाच्या नावे होऊच शकत नाही. कारण आमच्याकडे महाविद्यालय नाही व अध्यापकही नाहीत. कामठीपासून नागपूर हाकेच्या अंतरावर आहे. तेथे १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मेयो आहे, २०१८ पासून एम्सही आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी आहे, जेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्याचे शिक्षण पहिल्याच वर्षी मिळते. या संस्थांतील विद्यार्थ्यांनी मार्गदर्शक आपल्याच विभागात शोधावा. आमच्याकडे यावे ते त्या मार्गदर्शकाने पाठविले तर.

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची वाट वेगळी. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी व प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी देशातील एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करतो. येथील सेठ केसरीमल पोरवाल महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ती तितकीच खुली आहे जितकी पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला. जुन्या मार्गदर्शिकांत ‘किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजने’चे नाव अजून छापलेले आढळते, ती २०२२ साली बंद होऊन ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली, तेव्हा तिच्या तयारीचे वर्ग कोणी लावून देत असल्यास पैसे भरू नयेत. फी घेऊन महिनाभरात ‘संशोधनाचे प्रमाणपत्र’ देणाऱ्या जाहिरातींबद्दलही आमचे मत याहून निराळे नाही. खऱ्या योजना विद्यार्थ्याला पैसे देतात, त्याच्याकडून घेत नाहीत.

सर्वांत मोठी अडचण तारखांची आहे. अकादमींचे अर्ज साधारणतः दिवाळीच्या आगेमागे भरावे लागतात. परिषदेच्या योजनेचे वेळापत्रक बदलत असले तरी तयारी हिवाळ्यातच व्हावी लागते. एप्रिलमध्ये आमच्याकडे येणारा अर्ज म्हणूनच बहुधा उशिरा आलेला अर्ज असतो. ज्यांच्या घरी आधीच कोणी डॉक्टर वा प्राध्यापक आहे, त्यांना हे जेवणाच्या पानावर कळते. विडी वळणाऱ्या किंवा मागावर बसणाऱ्या आईबापांच्या मुलीला ते इंग्रजी सूचनेतून कळावयाचे, आणि ती सूचना परीक्षेच्या धामधुमीत वाचली न जाता निघून जाते. बुद्धीचा हा फरक नव्हे.

रुग्णांच्या नातेवाइकांस आमचे सांगणे असे. विद्यार्थ्याच्या संशोधनात कोणतेही नवीन औषध आपल्या रुग्णास दिले जात नाही. तो प्रश्न विचारतो किंवा केसपेपर वाचतो. त्यासाठीही नैतिकता समितीची लेखी मान्यता लागते. परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार व एक सामान्य नागरिकही असतो. आपणांस समजेल अशा भाषेत माहिती मिळाल्यावाचून सही करू नये. वाचता येत नसल्यास ती साक्षीदारासमोर वाचून दाखविणे बंधनकारक आहे. ‘नाही’ म्हटल्यास उपचारात तिळमात्र फरक पडणार नाही. सही केल्यावर मन बदलले तरीही चालते.

विद्यार्थ्यांनी विषय निवडताना आभाळाला हात लावू नये. ‘विदर्भातील सिकलसेल’ हा दोन महिन्यांचा विषय नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, अंगातील पाणी कमी होते आणि सिकलसेलच्या रुग्णास वेदनांचा झटका येण्याचा धोका वाढतो. अशा झटक्याने दाखल झालेल्या रुग्णांपैकी किती जण हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित घेत होते व ज्यांनी सोडली त्यांनी ती का सोडली, हा मात्र दोन महिन्यांत उत्तर मिळण्याजोगा प्रश्न आहे. गोळी संपली, बाह्यरुग्ण विभागाचा दिवस चुकला की मजुरी बुडू नये म्हणून येणे झाले नाही, हे कळले तर केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानाचे काम करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल, आणि आम्हांसही औषधवाटपाची वेळ ठरविताना कामास येईल.

रुग्णालयाच्या बाजूने व्यवस्था अशी आहे. महाविद्यालयाचे पत्र, मार्गदर्शकांची सही व नैतिकता समितीची मान्यता हे तीन कागद असल्यावाचून अभिलेख कक्षाचे दार उघडत नाही. केसपेपर कक्षाबाहेर नेता येत नाही, त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढता येत नाही आणि नाव व पत्ता उतरवून घेता येत नाही. काम झाल्यावर अहवालाची एक प्रत रुग्णालयास द्यावी लागते. देणगीदारांच्या निधीतून यावर विद्यार्थ्याला काहीही दिले जात नाही. खर्च होतो तो अभिलेख लिपिकाच्या वेळेचा, एका टेबलाचा आणि पंख्याचा. आगामी वर्षापासून या योजनांची मराठीत लिहिलेली माहिती दसऱ्यानंतर लगेच बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर लावण्यात येईल, आणि अर्ज भरताना अडचण आल्यास शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळात कार्यालयात विचारावे.