साबण, मीठ आणि कुत्र्याचा चावा

परवा धाकट्या मुलीने शाळेतला प्रयोग घरी करून दाखवला. कुस्करलेल्या केळ्यात मिठाचे पाणी व भांड्यांचा पातळ साबण घातला, मिश्रण गाळले आणि वरून थंडगार स्पिरिट ओतले. पांढरे तंतू तरंगू लागले. तो डीएनए!

पेशीचे आवरण स्निग्ध असते, साबण ते फोडतो. डीएनएवर ऋणभार असल्याने त्याचे तंतू एकमेकांना दूर लोटतात. मिठातील सोडियम तो भार झाकतो, म्हणून स्पिरिटमध्ये ते एकत्र येतात.

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ कुत्रा चावलेल्या मुलाला दवाखान्यात घेऊन आले. जखमेवर तिखट आणि चुना! मंडळी, रेबीजच्या विषाणूचे बाहेरचे आवरणही स्निग्धच असते. तिखट-चुन्याने जखम मात्र चिघळते. विषाणूचे आवरण फोडतो तो साबण. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा व थेट दवाखाना गाठा. जखम धुतली म्हणून लस टाळू नका, सर्व डोस वेळेवर घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही.

साबणाची वडी घरोघरी असते. तिखटाच्या डब्याआधी तिच्याकडे हात जावा, एवढेच सांगणे.