बर्फाच्या बेटावरचा वाटाड्या

आमचे मामा गावाहून पुण्याला आले की दोन दिवस कसबा पेठेत आमच्याकडे मुक्काम असतो. बाहेर तांबट आळीतली ठोकाठोक आणि घरात मामांच्या गप्पा, दोन्ही सारख्याच जोरात चालतात. या खेपेला त्यांच्या हाती एक चित्र लागले. पांढराशुभ्र डोंगर, त्यावर मुंग्यांसारखी सात-आठ माणसांची रांग, प्रत्येकाच्या पायाला लांबलचक पट्ट्या आणि सर्वांत पुढच्या माणसाच्या खांद्यावर बंदूक.

"ही काय पलटण आहे का रे?" मामांनी विचारले.

पलटण नव्हे, पदरचे पैसे खर्चून हिंडायला निघालेली माणसे, असे सांगितल्यावर मामांनी चष्मा पुसून चित्र पुन्हा पाहिले. "आणि बंदूक?" ती अस्वलासाठी. "मग बस इथं आणि नीट सांग." त्यांना जे सांगितले तेच थोडे सावरून इथे लिहितो.

हा मुलूख स्वालबार्डचा. एक बेट नव्हे, बेटांचा पुंजकाच आहे. नॉर्वे देश आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर, थंडगार समुद्रात. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढा, आणि वस्ती किती? सगळी मिळून अडीच-तीन हजार. लाँगइयरब्येन हे त्यातले मुख्य गाव. गावातले रस्ते गावातच संपतात, एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीला जायला सडकच नाही. झाड औषधालाही सापडत नाही. साठ टक्के जमीन हिमनद्यांखाली आणि उरलेली बारा महिने आतून गोठलेली, तिथे नांगर काय चालणार! हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, आणि २० एप्रिलच्या सुमारास एकदा वर आला की ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळत नाही.

जिथे दाणा उगवत नाही तिथेच जगभरचे दाणे मात्र साठवलेले आहेत. लाँगइयरब्येनजवळ डोंगराच्या पोटात शंभर मीटरहून अधिक आत एक बियाण्याचे कोठार आहे. ते २००८ साली सुरू झाले. शून्याखाली १८ अंशांवर तिथे दहा लाखांहून जास्त वाणांचे नमुने बंद पेट्यांत ठेवले आहेत. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनेही आपल्या संग्रहातल्या ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमुगाच्या बियाण्यांचे जादा नमुने तिथे पाठवले आहेत. युद्धामुळे सीरियातल्या अलेप्पोची बियाण्याची पेढी वापरता येईना, तेव्हा २०१५ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी याच कोठारातून आपले बी परत घेतले, दुसऱ्या देशांत पेरून वाढवले आणि २०१७ साली नव्या बियाण्याची भरणा पुन्हा केली. हे ऐकून मामा खूश झाले. घरचे बी शेजाऱ्याकडेही थोडे ठेवावे, ही आजीची रीत आहे म्हणाले.

पुण्याचाही या बेटाशी संबंध आहे. तिथल्या नी-ऑलेसुन्ड या वस्तीत भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र जुलै २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडे असतो. डिसेंबर २०२३ मध्ये ऐन अंधाऱ्या हिवाळ्यात पहिली भारतीय तुकडी तिथे गेली, तिच्यात आपल्या पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. उत्तरेकडचा बर्फ वितळण्याचा आणि आपल्या मोसमी पावसाचा काही लागाबांधा आहे का, हा तिथल्या अभ्यासाचा एक विषय आहे.

आता चित्रातल्या माणसांकडे वळू. त्यांच्या पायाला आहेत त्या स्की. उतारावरून स्कीवर घसरत येणारी माणसे आपण सिनेमात पाहतो. ती बहुतेक वेळा पाळण्यात बसून वर गेलेली असतात. इथे पाळणा नाही. स्वतःच्या पायांनी चढायचे आणि मग उतरायचे. घसरणाऱ्या पट्टीवर उभे राहून चढायचे कसे, हे कोडे मोठ्या युक्तीने सोडवले आहे. पट्टीच्या तळाला केसाळ कापड चिकटवतात. त्याचे केस एकाच दिशेने झुकलेले असतात. गवताचे कुसळ धोतरात शिरले की पुढे पुढे सरकते, पण मागे येत नाही, अगदी तसेच. पट्टी पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी ठेवतात, चालल्यासारखे पाऊल उचलते. माथ्यावर गेले की कापड सोलून काढायचे, टाच अडकवायची आणि खाली यायचे. चार तासांचा चढ आणि अर्ध्या तासाचा उतार, असा हा एकूण व्यवहार. मामांना तो आतबट्ट्याचा वाटला.

शिखरे फार उंच आहेत असेही नाही. तिथले सर्वांत उंच न्यूटनटोपेन १७१३ मीटर, आपल्या कळसूबाईहून जेमतेम ६७ मीटरने जास्त. पण कळसूबाईला निघालेल्या माणसाला पायाखालची जमीन दगा देईल अशी धास्ती नसते. इथे तीच मोठी धास्ती आहे. हिमनदीला खोल भेगा असतात आणि त्यांच्यावर बर्फाचे पातळ छप्पर. म्हणून तिथे माणसे एकमेकांना दोराने बांधून चालतात. दुसरे भय हिमकड्याचे. थरावर थर साचलेल्या बर्फात एखादा थर भुसभुशीत राहतो, आणि वरचा भार त्यावरून सरकतो. साधारण वाड्याच्या जिन्याइतका तिरपा उतार सर्वांत घातकी. १९ डिसेंबर २०१५ रोजी लाँगइयरब्येनच्या घरांवरच डोंगरावरून असा बर्फ आला. दहा-अकरा घरे उखडली, एक पुरुष आणि एक लहान मूल दगावले. आपल्या जिल्ह्यातल्या माळीणची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ३० जुलै २०१४ ला तिथे पावसाने भिजलेला डोंगर आला आणि दीडशेवर माणसे गेली. माती काय, बर्फ काय, उतारावरचा सुटला की थांबत नाही.

म्हणूनच वाटाड्या. सह्याद्रीत आडवाटेने गडावर जाताना आपण वाडीतला माणूस बरोबर घेतो, तसाच तिथेही घेतात. फरक इतकाच की तिथला वाटाड्या रीतसर शिकून तयार झालेला असतो. सकाळी तो हवामानाचा अंदाज आणि हिमकड्यांचा इशारा पाहतो. वाटेत फावड्याने बर्फात खड्डा घेतो. विहीर खणताना काळी माती, मुरूम, खडक असे थर दिसतात ना, तसे बर्फाचे थर उघडे करून हाताने चाचपतो. प्रत्येकाच्या छातीशी एक लहान बिनतारी यंत्र बांधलेले असते, पाठीशी फावडे आणि घडीची लांब काठी. कोणी गाडला गेला तर यंत्राच्या आवाजावरून जागा हुडकायची, काठी खुपसून पाहायची आणि उकरायचे. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुतेक वेळा माणूस वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. मदत मागवायला तेवढा वेळ नसतो, जे काय करायचे ते सोबत्यांनीच.

माझ्या मते या माणसाला पैसे मिळतात ते वर नेण्याचे नव्हेत, मागे फिरवण्याचे. हजारो रुपये भरून, वर्षभर वाट पाहून माणसे आलेली असतात. शिखर समोर दिसत असते. अशा वेळी पुढचा उतार बरा नाही, माघारी चला, असे सांगायला छाती लागते. ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात, कोणी हुज्जतही घालतो. हल्ली तर हे काम आणखी अवघड झाले आहे. जगाच्या मानाने हे बेट कितीतरी पटीने लवकर तापते आहे. भर हिवाळ्यात पाऊस पडतो, त्या पाण्याचा काच होऊन पुढच्या बर्फाला पकड राहत नाही. २०१६ साली तर वितळलेले पाणी त्या बियाण्याच्या कोठाराच्या बोगद्यातही शिरले होते. बी सुखरूप राहिले, पण तोंडाकडचे काम पुन्हा करावे लागले.

लांबच्या सफरीत आठ-आठ दिवस तंबूत राहतात. सामान घसरगाडीवर लादून कमरेला बांधून ओढायचे. घाम येऊ द्यायचा नाही, हा पहिला नियम, कारण थांबल्यावर ओले कपडे अंगावर गोठतात. प्यायला पाणी म्हणून स्टोव्हवर बर्फ वितळवत तासन् तास बसायचे.

आणि अस्वल. पांढऱ्या अस्वलाला १९७३ पासून तिथे संरक्षण आहे. त्याच्यापासून निदान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर दूर राहायचे, असा कायदा २०२५ पासून लागू आहे. वस्तीबाहेर पडणाऱ्याने त्याला हुसकावण्याचे साधन बरोबर बाळगायचे. बंदूक अगदी नाइलाजाची, अस्वल मारले तर चौकशी होते. मुक्कामाला तंबूंभोवती तार ताणतात. तिला धक्का लागला की आपटबार उडतो. त्यावरही भरवसा न ठेवता पाळीपाळीने एकेकजण जागा राहतो. रात्र म्हणायची, पण डोक्यावर ऊन असते, आणि मैलोगणती पांढऱ्यात काही पांढरे हलते का ते पाहत बसायचे.

"पाळी किती वेळाची?" मामांनी विचारले.

"तास-दोन तासांची."

"बस एवढीच? आमच्याकडं डुकरांची राखण रात्रभर असते," मामा म्हणाले, "आणि आम्हाला त्याचे पैसे भरावे लागत नाहीत."